पैसा, माणसे आणि प्रेक्षक

सरकारी नोकरीत माणसांपेक्षा कागदांचा सहवास अधिक घडतो. त्या कागदांपैकी एका प्रकाराबद्दल मला पहिल्यापासून अगत्य वाटत आले आहे. तो म्हणजे गावोगावच्या नाट्यमंडळांकडून येणारे अर्ज. हौशी मंडळी असोत वा जुन्या नावाजलेल्या संस्था असोत, अर्जाचे वळण बहुधा एकच असते. आरंभी रंगभूमीच्या सेवेचा उल्लेख, मध्ये अडचणींची यादी आणि अखेरीस सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा ही विनंती. अडचणीही तीनच. पहिली, पैसा नाही. दुसरी, चांगली माणसे टिकत नाहीत. जरा नावारूपाला आली की ती मुंबई-पुण्याकडे किंवा मालिका-चित्रपटांकडे वळतात. तिसरी, प्रेक्षक येत नाहीत. हा क्रमही ठरलेला असतो: आधी पैसा, मग माणसे आणि सर्वांत शेवटी प्रेक्षक. अनुदान मिळाले की गुणी माणसे जमतील आणि ती जमली की प्रेक्षक आपोआप येतील, असा त्यामागचा हिशेब असतो.

अनेक वर्षे मलाही हा हिशेब बरोबर वाटत होता. आज तो मला उलटा वाटतो. प्रेक्षक हे या साखळीचे शेवटचे टोक नसून पहिले टोक आहे, असे आता माझे मत झाले आहे. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचा त्यात बराच भाग आहे. त्या चुकीची हकीकत मी सांगणारच आहे. पण त्याआधी मराठी रंगभूमीच्या जमाखर्चाची वही थोडी चाळून पाहू.

या वहीचे पहिले पान सांगलीचे आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेने आणि आश्रयाने. पैसा दरबारचा, माणसे दरबाराने दिलेली आणि प्रेक्षकही दरबारचेच. तिन्ही प्रश्न एकाच माणसाच्या इच्छेने सुटले होते. अर्थात १८५१ साली चिंतामणरावांचे निधन झाले तेव्हा तिन्ही प्रश्न एकदमच पुन्हा उभे राहिले. दरबारचा आश्रय आटला. भाव्यांनी तेव्हा जे केले त्याला मी मराठी रंगभूमीचा खरा जन्म मानतो. ते मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून नाटक केले. राजाच्या शब्दाखातर बसणारा प्रेक्षक आणि खिशातला पैसा मोजून बसणारा प्रेक्षक यांत फार अंतर आहे. पहिल्याला कंटाळण्याचीही मुभा नसते. दुसरा कंटाळला तर पुन्हा येत नाही आणि रमला तर चार जणांना घेऊन येतो.

दुसरे पान अण्णासाहेब किर्लोस्करांचे. अण्णासाहेब हे माझ्यासारख्या माणसाला विशेष जवळचे वाटतात, कारण तेही नोकरदार होते. रेव्हिन्यू कमिशनरांच्या कचेरीत लेखणी चालवीत होते. पारशी मंडळींची संगीत नाटके त्यांनी पाहिली. लोक त्या गाण्यांवर लुब्ध होतात हे त्यांच्या ध्यानात आले आणि आपल्या भाषेत हे का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. पुढे बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि त्यांच्या गळ्याने महाराष्ट्र वेडा झाला. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. लोकांना काय ऐकावेसे वाटते याची जाण आधी आली, त्या जाणेनुसार माणसे शोधली गेली आणि पैसा त्यांच्या पाठोपाठ आला.

तिसऱ्या पानावर मात्र खर्चाची बाजू जमेच्या पुढे गेलेली दिसते. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. गुण आणि प्रेक्षक या दोन्ही बाबतींत एवढे भाग्य क्वचितच कोणा मंडळीला लाभले असेल. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा एरवीच्या कितीतरी पट दराची तिकिटे लोकांनी घेतली. पण भरजरी शालू, गालिचे, अत्तरे आणि शेकडो पानांची रोजची पंगत यांचा मेळ तिजोरीशी बसेना. मंडळी कर्जात गेली आणि ते कर्ज फेडण्यात नारायणरावांची उमेदीची वर्षे गेली. त्यातच १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले. नाटकापेक्षा स्वस्त, दिवसातून अनेकदा आणि अनेक गावी एकाच वेळी दिसणारी करमणूक लोकांना मिळाली. १९३५ च्या ‘धर्मात्मा’मध्ये स्वतः बालगंधर्व पडद्यावर दिसले. रंगभूमीचा राजा पडद्याकडे गेला, मग प्रजेने का जाऊ नये?

बोलपटाने नाटक मारले, असे आपण सरसकट म्हणतो. ते अर्धसत्य आहे. याचे मर्म १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एका ग्रंथात उलगडून दाखविले. त्यांचा मुद्दा साधा आहे. यंत्रे सुधारली की एक कामगार पूर्वीच्या कितीतरी पट कापड विणतो; म्हणून त्याची मजुरी वाढली तरी कापड महाग होत नाही. नाटकाचे तसे नाही. ‘शाकुंतला’तील एखादा प्रवेश १८८० साली करायला जितकी माणसे आणि जितका वेळ लागत होता तितकाच आजही लागतो. दुष्यंताचे काम यंत्र करीत नाही आणि शकुंतलेची पाठवणी दुप्पट वेगाने उरकता येत नाही. बाहेरच्या जगात वेतने वाढली की नटाचे, पेटीवाल्याचे, रंगभूषाकाराचे वेतन वाढवावेच लागते. पण त्यांच्या हातून होणारे काम वाढत नाही. म्हणून प्रयोगाचा खर्च दरसाल इतर वस्तूंच्या पुढे धावत राहतो. ही तूट कोणाच्या उधळेपणाची वा आळशीपणाची नाही. ती या कलेच्या स्वभावातच आहे. गंधर्व मंडळीने काटकसर केली असती तर ती आणखी काही वर्षे जगली असती एवढेच.

एकदा हे मान्य केले की तूट कोणी भरून काढायची हा प्रश्न उरतो आणि आपण सारे सरकारकडे पाहू लागतो. येथे आमच्या खात्याचा इतिहासही सांगितला पाहिजे. सरकारचा रंगभूमीशी पहिला ठळक संबंध आला तो १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रणाच्या कायद्याने, म्हणजे बंदीच्या रूपाने. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली हे आपणांस ठाऊकच आहे. दुसरा संबंध १९२३ च्या करमणूक कराच्या कायद्याने, म्हणजे वसुलीच्या रूपाने. प्रोत्साहनाचे ठळक पाऊल पडले ते स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली तेव्हा. या स्पर्धेचे ऋण मोठे आहे. कारकून, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गिरणीतले कामगार अशा हजारो माणसांना तिने दरसाल तालमीला उभे केले. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने या स्पर्धेच्या निमित्तानेच बसविले. गुणी माणसे शोधण्याचे काम स्पर्धेने उत्तम केले, हे कोणीही मान्य करील.

पण स्पर्धेचे नाटक बहुधा परीक्षकांसाठी बसते. निकाल लागला की पडदे गुंडाळले जातात. दोन महिन्यांच्या तालमींतून उभे राहिलेले नाटक एक-दोन प्रयोगांत संपते आणि ज्या गावात ते उभे राहिले त्या गावाला त्याचा पत्ताही नसतो. आता त्या चुकीची हकीकत सांगतो.

नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा मुख्याधिकारी होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशी गावे पुष्कळ आहेत. तेथे एक जुने हौशी नाट्यमंडळ होते. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी ते चालवीत. मंडळ दरसाल स्पर्धेत उतरे, क्वचित बक्षीसही मिळवी. गावात नाट्यगृह नव्हते आणि ते व्हावे ही सर्वांची इच्छा होती. मी तरुण होतो, काहीतरी करून दाखविण्याची हौस होती. मी प्रस्ताव केला, पाठपुरावा केला, निधी मिळविला. मोठ्या बैठकीचे, वातानुकूलनाची सोय असलेले सभागृह उभे राहिले. उद्घाटनाच्या दिवशी गुरुजींच्या मंडळाचा प्रयोग झाला आणि मला कृतकृत्य झाल्यासारखे वाटले.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी गुरुजी माझ्या कचेरीत आले. नाट्यगृहाचे भाडे मंडळाला परवडत नाही असे ते सांगतील, अशी माझी समजूत. त्याचे उत्तरही मी तयार ठेवले होते: भाडे समितीने ठरविले आहे आणि देखभालीचा खर्च त्यातूनच भागवायचा आहे. पण गुरुजी म्हणाले,

“साहेब, भाडं कमी करा असं म्हणायला मी आलेलो नाही. आम्हांला तालमीला एक खोली द्या. रोज संध्याकाळी दोन तास. रंगमंचामागची सामानाची खोली रिकामीच असते.”

“पण गुरुजी, तालीम तर तुम्ही शाळेत करता ना?”

“करत होतो. नव्या मुख्याध्यापकांनी बंद केली. आणि शाळेत तालीम असली की पोरं खिडकीत येऊन बसायची. त्यांतलीच दोन-तीन पुढल्या साली कामाला मिळायची, उरलेली नाटकाला यायची. आता खिडकीच राहिली नाही.”

मी नियम पाहिले. अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस अशाच दराने जागा देता येत होती. दोन तासांसाठी तरतूद नव्हती. विजेचे बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचे हा प्रश्न होता. एकाला दिले तर सर्वांना द्यावे लागेल ही भीती होती. मी गुरुजींना अर्ज द्यायला सांगितले. त्यांनी दिला. तो अर्ज समितीपुढे गेला की नाही, हे मला आज आठवत नाही, आणि हेच मला अधिक लाजिरवाणे वाटते. माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या गावावरून जाताना नाट्यगृहापाशी मुद्दाम थांबलो. दारात मांडव होता, आत लग्नाची पंगत बसली होती. पहारेकऱ्याने सांगितले की नाटक वर्षातून एखादे होते, तेही बाहेरचे. गुरुजींचे मंडळ बंद पडले होते.

मी त्या गावाला पैसा आणून दिला होता. इमारत आणि खुर्च्या त्याच पैशातून आल्या. पण तेथे प्रेक्षक कोठे तयार होत होता, हे मला कधी दिसलेच नाही. तो शाळेच्या खिडकीत तयार होत होता.

याच्या नेमके उलट चित्र मला पुढे पूर्व विदर्भात पाहायला मिळाले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांचा जो धानाचा आणि रानाचा मुलूख, त्याला झाडीपट्टी म्हणतात. तेथे भाताचे पीक घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटके ठरतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवहाराचे केंद्र. तेथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या आहेत. गावातील तरुणांचे मंडळ तेथे जाते, नाटक पसंत करते, विसार देते आणि तारीख पक्की करते. रात्री कापडी कनातींच्या आत नाटक उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. बायका, पोरे, म्हातारी माणसे चादरी-घोंगड्या घेऊन जमिनीवर बसतात. आसपासच्या गावांहून पाहुणे आलेले असतात; नाटकाच्या निमित्ताने सोयरिकीही जुळतात.

एका थंडीत मी असे नाटक शेवटपर्यंत पाहिले. पुण्या-मुंबईच्या चोखंदळ प्रेक्षकाने नाके मुरडावीत असे त्यात पुष्कळ होते. गाणी वारंवार येत, विनोद ढोबळ होता, रडणे मोठ्याने होते. पण तीन वाजताही कोणी उठले नाही. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याला मी विचारले, “तिकीट महाग नाही का वाटत?” तो म्हणाला, “साहेब, आपल्याच गावचं नाटक आहे. न येऊन कसं चालेल?” या उत्तरात सारे अर्थशास्त्र सामावले आहे. तेथे प्रेक्षक हा गिऱ्हाईक नसून यजमान आहे. म्हणून पैसा गोळा होतो, म्हणून हंगामभर शेकडो नट-वादकांना काम मिळते आणि बाहेरचे कलावंतही कामासाठी तेथे जातात. या रंगभूमीवर हयात घालविलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील अनेकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले.

कोणी म्हणेल, ही खेड्यातील गोष्ट झाली. शहरात यजमानपण कोठून आणायचे? शहरातलेही एक उदाहरण आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटके करण्यास आरंभ केला. सजावट नावापुरती, बाहेरचा गोंगाट आत येणारा, उन्हाळ्यात उकाडा. पण भाडे हलके, जागा ठरलेली आणि दार सर्व संस्थांना उघडे. एक पिढीभर तेथे नाटके होत राहिली. आज कोणते नाटक आहे हे न पाहताही लोक तेथे जात, असे त्या काळातील माणसे सांगतात. ‘आज छबिलदासला जाऊ’ असे म्हणणारा प्रेक्षक ही त्या जागेची खरी मिळकत होती. मोठ्या रंगमंचाला हेवा वाटावा असे नट आणि दिग्दर्शक त्या सभागृहातून बाहेर पडले, आणि ते घडविण्यास भांडवल फारच थोडे लागले.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींना यात एक गोष्ट ओळखीची वाटेल. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली येथील मराठी समाजाने नाटकासाठी नेहमी स्वतः खुर्च्या मांडल्या आहेत. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी झाला तो मुंबईत नव्हे, दिल्लीत. दूरच्या गावी आपली भाषा ऐकण्याची भूक मोठी असते. मंडळाच्या सभागृहात वर्षातून दोन नाटके बाहेरून आणली की ती थोडी भागते. पण तेथल्या मुलांनी तालमीच्या खिडकीत बसावे असे वाटत असेल तर तालीमही तेथेच झाली पाहिजे.

मग अनुदान देऊच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. या कलेची तूट स्वभावगत आहे, हे आपण वर पाहिले. ती समाजाने भरून काढलीच पाहिजे. पण पैसा कोठे घालायचा याचा विचार बदलावा. मोठ्या इमारतीच्या खर्चाचा अगदी थोडा अंश जरी तालमीच्या खोल्यांवर, महिन्याच्या ठरलेल्या प्रयोगावर आणि शाळकरी मुलांच्या जागांवर खर्च झाला, तर प्रेक्षक तयार होईल. प्रेक्षक असला की माणसे गाव सोडण्यापूर्वी एकदा तरी विचार करतील. त्यांतली काही जातीलही, डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ साली चालता वैद्यकीय व्यवसाय सोडून रंगभूमी जवळ केली, तसे धाडस सर्वांना जमत नाही आणि सर्वांकडून ते अपेक्षूही नये. पण एक गेला तर त्याच्या जागी खिडकीतला दुसरा उभा राहील.

पुढे दुसऱ्या एका गावी मला ही चूक थोडी दुरुस्त करण्याची संधी मिळाली. तेथील वाचनालयाचा वरचा मजला आम्ही दोन हौशी मंडळांना तालमीसाठी दिला. भाडे नाही, अट एकच, की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांनी गावासाठी काहीतरी करावे, नाटक, एकांकिका, नाहीतर नुसते नाट्यवाचन. पहिल्या शनिवारी नटांचे नातेवाईक तेवढे आले. दुसऱ्या शनिवारी तेच. पुढे हळूहळू अनोळखी चेहरे दिसू लागले. गुरुजींना हे कळवावे असे फार वाटत होते; पण मी चौकशी केली तेव्हा ते हयात नव्हते.

त्या गावाहून निघण्यापूर्वीची एक गोष्ट सांगून हे भाषण संपवितो. एका शनिवारी मुख्य नटाच्या घरी आजारपण निघाल्यामुळे प्रयोग रद्द झाला. सोमवारी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. त्यावर सतरा सह्या होत्या. त्यांत एक शिंपी, दोन शिक्षिका आणि काही शाळकरी मुले. पहिल्या शनिवारी नाटक का झाले नाही याचा खुलासा व्हावा आणि राहिलेला प्रयोग याच महिन्यात करावा, अशी त्यांची मागणी होती. नोकरीच्या इतक्या वर्षांत नाटक करणाऱ्यांचे अर्ज मी शेकड्यांनी पाहिले होते. नाटक पाहणाऱ्यांचा अर्ज तो पहिलाच. त्यावर मी ‘मागणी रास्त आहे’ असा शेरा मारला आणि त्याच दिवशी पुढे पाठविला.